नसेची नस सुजते तेव्हा

सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतून एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे, तीस वर्षं यंत्रमागावर. अडीच महिन्यांपूर्वी एका रात्रीत डाव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पंजाच्या वर आग सुरू झाली, चार दिवसांत पंजा पडला आणि चप्पल निसटायला लागली. तीन आठवड्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, तिथेही जळजळ. आता उजव्या पायाचा तळवा पेटलाय. वजन सहा किलोने उतरलं आहे. शुगर सहा वर्षांपासून आहे, गोळी चालू. कमरेच्या एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली म्हणून दीड महिना त्याचे उपचार झाले, सोबत बी-१२ ची इंजेक्शनं. आता एका डॉक्टरांनी पायाची नस कापून तपासायला पाठवू म्हटलं आणि घरात सगळे हादरले. विचारणं एवढंच आहे की नस कापू द्यावी का, कापल्यावर पाय कायमचा जाईल का, आणि नुसत्या स्टेरॉइडवर भागणार नाही का.

मी सोलापुरात मेंदू आणि मज्जातंतूंचे रुग्ण बघतो. वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान ठोकून देत नाही. पण तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय तो क्रमच बरंच सांगून जातो. आधी उत्तर देतो, मग कारण. बायोप्सी, म्हणजे नसेचा तुकडा काढून तपासणं, करून घ्या. या आठवड्यात होत असेल तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आपल्याकडे ‘नस’ या शब्दाचा मोठा घोळ आहे. सलाईन लावताना सिस्टर म्हणते नस सापडेना, ती रक्तवाहिनी. मान आखडली की शेजारी म्हणतो नस दबली, तो मज्जातंतू. ओपीडीत मी रोज दहा वेळा हे सुटं करून सांगतो, की रक्त नेते ती वेगळी आणि संवेदना नेते ती वेगळी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मला जो आजार वाटतोय त्यात लोकांचा घोळच खरा ठरतो. मज्जातंतू हीसुद्धा जिवंत वस्तू आहे, तिलाही रक्त लागतं, आणि ते तिच्या अंगावरून, तिच्या आतून जाणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पुरवतात. या वाहिन्यांच्या भिंतींना शरीराच्याच प्रतिकारशक्तीने सूज आणली की त्या आतून बंद होतात, आणि त्यांच्यापुढचा मज्जातंतू रक्ताविना मरायला लागतो. नसेची नस सुजते. रक्तवाहिनीच्या या सुजेला पुस्तकात व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, मज्जातंतू बिघडण्याला न्यूरोपथी, म्हणून हा आजार व्हॅस्क्युलायटिक न्यूरोपथी, आणि एकामागून एक वेगवेगळी नस जाण्याच्या या तऱ्हेला मोनोन्यूरायटिस मल्टिप्लेक्स.

हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की छातीत जशी कळ येते, तशी ही मज्जातंतूची कळ असते. म्हणून ती अचानक येते, बऱ्याचदा रात्री, आणि माणसाला तारीख सांगता येते. शुगरने पाय जळणारा माणूस तारीख सांगू शकत नाही, ‘झालं की दोन-तीन वर्षं’ म्हणतो. हा माणूस सांगतो, ‘सोमवारी रात्री, पाळी संपवून आलो, जेवलो, झोपलो आणि दीडला उठून बसलो.’ मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

दुखण्याचे शब्दही नीट ऐकावे लागतात. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आजी ‘मंटा, मंटा’ म्हणत पाय चोळते, अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे ‘उरी’ म्हणतात, मोहोळ-माढ्याकडचा शेतकरी म्हणतो, ‘तव्यावर पाय ठेवल्यागत व्हायलंय.’ तिन्हींचा अर्थ आग. स्नायू किंवा सांधा दुखला तर कुणी आग म्हणत नाही, ठणकतंय म्हणतं. आग, मुंग्या, विजेचा झटका, चादरीचा स्पर्शही नको वाटणं, ही मज्जातंतूची भाषा आहे.

आता तुमच्या वडिलांच्या दुखण्याचा नकाशा बघा. पोटरीची बाहेरची बाजू आणि पंजाचा वरचा भाग, त्यात पंजा उचलता न येणं, ही गुडघ्याखाली हाडाला वळसा घालून जाणारी पेरोनियल नस. या आजारात सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू म्हणजे कोपरामागून जाणारी अल्नर. तळवा म्हणजे टिबियल. तीन वेगळ्या नसा, तीन वेगळ्या तारखा, उजवं-डावं सारखं नाही. शुगरची न्यूरोपथी अशी नसते. ती दोन्ही पायांच्या बोटांपासून एकाच वेळी, एकाच पातळीवर, मोजे चढवावेत तशी वर सरकते, आणि गुडघ्यापर्यंत पोचली की मग हातांच्या बोटांना लागते. त्यात पंजा चार दिवसांत पडत नाही.

चकतीचं म्हणाल तर पन्नाशी ओलांडलेल्या, तीस वर्षं मागापुढे उभं राहिलेल्या माणसाच्या कमरेचा एमआरआय काढला आणि त्यात काही दिसलं नाही असं मला क्वचितच आठवतं. दिसलं म्हणजे तेच कारण, असं होत नाही. कमरेची चकती हाताची करंगळी बधिर करू शकत नाही हे तर कुणालाही पटेल. टेबलावर करायची आणखी एक साधी खूण आहे. कमरेतली मुळाची नस दबून पंजा पडला असेल तर पंजा आत वळवण्याची ताकदही जाते. पेरोनियल नसेमुळे पडला असेल तर पंजा वर उचलता येत नाही, बाहेर वळवता येत नाही, पण आत वळतो. वडिलांना खाटेच्या कडेला बसवा, डावा पंजा हाताने थोडा वर धरा आणि त्यांना तो आत वळवायला सांगा. वळला तर चकतीवरचा संशय बराच कमी झाला.

बी-१२ बद्दलही बोलून घेतो, कारण ती इंजेक्शनं सोलापुरात प्रसादासारखी वाटली जातात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होतं हे खरं, त्यामुळे तपासावं, कमी असेल तर भरावं. पण त्या कमतरतेने एक-एक नस अशी वेचून जात नाही. आणि ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये बी-६ भरपूर असतं, ते मोठ्या मात्रेत अनेक महिने पोटात गेलं तर स्वतःच न्यूरोपथी करतं. दोन-दोन ब्रँडच्या कॅप्सूल एकत्र चालू असतील तर एक तरी बंद करा.

दोन वर्षांपूर्वीची एक बाई आठवते. टॉवेल कारखान्यात काम, पंधरा वर्षं दमा. रुई नाकात जाते म्हणून दमा, हे घरच्यांनीही मान्य केलेलं आणि डॉक्टरांनीही. रक्ततपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दरवेळी वाढलेल्या, दरवेळी हेट्राझान या जंतांवरच्या गोळ्यांचा एक कोर्स. मग एक दिवस भाकरी थापताना उजवं मनगट लटकलं, आठवड्याभराने डावा पंजा. तिच्या नाकात मांस वाढलेलं होतं, कोपरावर बारीक गाठी होत्या, इओसिनोफिल तीस टक्क्यांच्या वर. हा व्हॅस्क्युलायटिसचाच एक प्रकार, चर्ग आणि स्ट्रॉस या दोन शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये वर्णन केलेला. आता त्याचं नाव इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस असं लांबलचक झालं आहे. कागद तिच्याच पिशवीत होते, सगळे. कुणी एकत्र ठेवून वाचले नव्हते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही नाही. म्हणून विचारतो, वडिलांना दमा, सतत चोंदणारं नाक, नाकातून रक्ताच्या खपल्या, पायावर न खाजणारे लालसर-जांभळे ठिपके, अंडकोशात दुखणं, बारीक ताप यांपैकी काही आहे का? एकही ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

या दुखण्याशी शिवणकामाचाही जुना संबंध आहे. १८६६ मध्ये जर्मनीत कुसमौल आणि मायर यांनी या गटातला पहिला सविस्तर नोंदलेला रुग्ण मांडला, तो २७ वर्षांचा शिंपी होता. हातापायांतली ताकद झपाट्याने गेली, तो दगावला, आणि शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांवर गाठी सापडल्या. त्या आजाराला पुढे पॉलिआर्टेरायटिस नोडोसा नाव पडलं. गणवेश शिवणाऱ्या गावातल्या डॉक्टरला ही गोष्ट विसरता येत नाही. त्या वेळी हातात काही औषध नव्हतं. आज आहे, एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

आता आपल्या भागातली सगळ्यात महत्त्वाची शंका. इथे दुखरी नस, बधिर करंगळी आणि पडलेला पंजा असं तिन्ही एकत्र दिसलं की मी आधी यंत्राकडे जात नाही, बोटांनी नस चाचपतो. रुग्णाचा कोपर थोडा वाकवायचा, आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीत आपली दोन बोटं आडवी फिरवायची. नस बोटाखालून निसटते तिची जाडी कळते. दुसऱ्या हाताशी ताडून बघायची, आणि हे करताना बोटांकडे न बघता रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं, कारण दुखऱ्या नसेला हात लागला की डोळे आधी बोलतात. मग गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या डोक्यामागे, मग मान वळवून कानाखाली. कोपरातली नस दोरीसारखी जाड लागली तर ९० टक्के लक्ष कुष्ठरोगाकडे वळवावं लागतं. अंगावर चट्टा नसला तरी. केवळ नसांतला कुष्ठरोग आपल्या देशात दिसतो आणि तो चुकतो, कारण चट्टा शोधून सापडला नाही की लोक तो विषयच सोडतात. भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य नव्हे. त्या घोषणेनंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांची बोटं मात्र नस चाचपायला विसरली.

कुष्ठरोगातही नस अचानक सुजते, ठणकते, जळते, त्याला रिअॅक्शन म्हणतात. त्यातही स्टेरॉइडच द्यावं लागतं, दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून काही महिन्यांत उतरवत. पण सोबत जंतू मारणारी एमडीटी हवी, जी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि रिअॅक्शन आली म्हणून ती बंद करायची नसते. नुसतं स्टेरॉइड दिलं तर सूज दबते, माणूस खूश होतो आणि जंतू आत आपलं काम चालू ठेवतात. उलट, व्हॅस्क्युलायटिसमध्ये स्टेरॉइडसोबत प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी जोरदार औषध लागतं. कुष्ठरोग असताना ते देणं फारच वाईट. तुमच्या ‘नुसत्या स्टेरॉइडवर भागणार नाही का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. स्टेरॉइडने दोन्हींत आठवड्याभरात बरं वाटेल, आणि बरं वाटलं म्हणून निदान झालं असं होणार नाही. पुढची दोन वर्षं कोणत्या रस्त्याने जायचं ते ठरवायला नसेचा तुकडाच लागतो.

बायोप्सीत नेमकं काय करतात ते सांगतो, म्हणजे घरातली भीती कमी होईल. पंजा उचलणारी नस कापत नाहीत. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे सुरल नावाची नस असते, ती फक्त संवेदनेची आहे, तिच्यावर कोणताही कामाचा स्नायू चालत नाही. जागा बधिर करून चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतात आणि तीनेक सेंटिमीटरचा तुकडा काढतात. टाके, पट्टी, त्याच दिवशी घरी. कधी कधी नडगीच्या बाहेरच्या बाजूने पेरोनियल नसेची वरवरची, फक्त संवेदनेची शाखा आणि तिच्याखालच्या स्नायूचा छोटा तुकडा एकाच छेदातून घेतात, मला हे जास्त पसंत आहे, कारण स्नायूतल्या रक्तवाहिन्याही बघायला मिळतात आणि आजार सापडण्याची शक्यता वाढते. त्यानंतर तळपायाची बाहेरची कड किंवा पंजाच्या वरचा भाग, जिथली नस घेतली तिथे, बधिर राहील. कायमचा, पण हळूहळू लहान होत जाणारा. काहींना काही महिने तिथे चमक येते. ताकद जाणार नाही. शुगर असलेल्यांची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून शुगर आटोक्यात ठेवून आणि टाके उशिरा काढून हे करायचं.

एक खबरदारी माझ्या अनुभवातून. घोट्यामागे ही नस आणि एक शीर शेजारी शेजारी जातात, दोन्ही पांढरट दिसतात. एकदा मी पाठवलेल्या रुग्णाचा अहवाल आला, ‘नमुन्यात शिरेची भिंत, मज्जातंतू नाही.’ पुन्हा तोच नस-शिरेचा घोळ, आणि या वेळी भोगला रुग्णाने, दुसऱ्या पायाला छेद घेऊन. म्हणून ज्यांनी ही बायोप्सी पूर्वी केली आहे अशाच सर्जनकडे करा. आणि तुकडा कोणत्या द्रवात, किती भागांत, कुठल्या प्रयोगशाळेला जाणार हे आधी ठरवून घ्या. आपल्याकडून नमुने पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला जातात. मज्जातंतू वाचणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा असतो. त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेल्या पेशी आणि भिंतीचा नाश दिसला की व्हॅस्क्युलायटिस, नसेच्या आत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींच्या बारीक गाठी, किंवा कुष्ठजंतू दिसले की कुष्ठरोगाचा रस्ता. एक प्रामाणिक इशारा मात्र हवा. आजार ठिकठिकाणी असतो, सलग नसतो, म्हणून खरा व्हॅस्क्युलायटिस असूनही बऱ्याच तुकड्यांत तो सापडत नाही. अहवाल ‘निष्कर्ष नाही’ आला म्हणून आजार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मग बाकीच्या पुराव्यावर निर्णय घ्यावा लागतो.

बायोप्सीआधी नसांची विद्युत तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लोक तिला एनसीव्ही म्हणतात. झाली नसेल तर आधी ती, कारण जी नस तपासणीत बिघडलेली आहे तीच कापायची, चांगली नव्हे. अहवालात काय बघायचं ते वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगा. मज्जातंतू म्हणजे खळ लावलेला ताण्याचा धागा. आत धागा, वर खळ. सीआयडीपी नावाचा एक दाहाचा आजार आहे त्यात खळ उडते, धागा शाबूत राहतो, त्यामुळे विजेचा वेग कमी होतो. व्हॅस्क्युलायटिसमध्ये धागाच तुटतो, वेग जवळपास बरा राहतो पण संदेशाची उंची पडते. सीआयडीपी सहसा दोन्ही बाजूंना सारखा, आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत जाणारा, मांड्या-दंडांनाही अशक्त करणारा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच उलटून हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हापासून पायाला मुंगी आली तरी लोक ‘जीबीएस तर नाही ना’ विचारत येतात. तो काही दिवसांत दोन्ही पायांतून वर चढतो आणि चार आठवड्यांच्या आत टोक गाठतो, अडीच महिने टप्प्याटप्प्याने चालत नाही. शिवाय त्यात स्टेरॉइडचा उपयोग नसतो. शुगरवाल्यांत एक मांडीचा प्रकारही असतो, एका मांडीत भयंकर कळ, मग मांडी बारीक होणं आणि वजन उतरणं. वडिलांचं वजन उतरलंय, पण मांडीची तक्रार नाही, म्हणून तो सोडून देतो.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, तीन महिन्यांची शुगर, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, एएनए, अँका (रक्तवाहिन्यांच्या सुजेच्या काही प्रकारांत सापडणारं प्रतिद्रव्य), ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, सी-३, सी-४, क्रायोग्लोब्युलिन आणि प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. यादी मोठी आहे आणि खर्चिक आहे, पण त्यातली हिपॅटायटिसची तपासणी कधीच गाळू नका. हिपॅटायटिस बी मधून पॉलिआर्टेरायटिस होतो आणि सी मधून क्रायोग्लोब्युलिनचा, आणि दोन्हींत विषाणूवरचं औषध हा उपचाराचा कणा असतो. ही औषधं २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात मोफत मिळतात. शिवाय बी दडून बसलेला असताना जोरदार स्टेरॉइड दिलं तर तो उसळून यकृत घेऊन जाऊ शकतो. छातीचा एक्स-रेही हवा, जुना टीबी बघायला.

उपचार आता. निदान पक्कं झालं, किंवा बायोप्सीला दोन-चार दिवस लागणार आणि रोज नवी नस जात असेल, तर डॉक्टर स्टेरॉइड आधीच सुरू करतील. ते योग्यच आहे. काही दिवसांच्या स्टेरॉइडने तुकड्यातली खूण पुसली जात नाही, काही महिन्यांच्या पुसली जाते. प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, जास्त बिघडलेलं असेल तर आधी मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम सलाईनमधून तीन ते पाच दिवस. त्याच्या जोडीला, झपाट्याने पसरणाऱ्या आजारात, सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे हप्ते, पहिले तीन दर दोन आठवड्यांनी आणि त्यापुढचे दर तीन आठवड्यांनी, साधारण तीन ते सहा महिने. अँका पॉझिटिव्ह प्रकारात रिटुक्सिमॅबही तितकंच चालतं, हे २०१० मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आहे. तीव्र टप्पा ओसरला की अॅझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जातो, म्हणून पाकिटावर ‘फक्त रविवार’ असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा, वडील मराठी वाचत नसतील तर तेलुगूत.

आयुष्यभर स्टेरॉइडची भीती बाळगू नका. ते सहा महिने ते वर्षभरात उतरवत नेतात. पण अर्धा महिना बरं वाटलं आणि गोळ्या स्वतःच बंद केल्या, हे मात्र करू नका, आजार उलटतो आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड झोपलेलं असल्याने माणूस कोसळतो. शुगर वाढेल, विशेषतः दुपारनंतर. सकाळची उपाशीपोटीची शुगर बरी दिसेल आणि संध्याकाळी तीनशे असेल. काही महिने इन्सुलिन लागलं तर घ्या, शुगर वाढली म्हणून स्टेरॉइड तोडू नका. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, फुफ्फुसाच्या एका विशिष्ट जंतूपासून बचावासाठी कोट्रायमॉक्सॅझोल. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी, नाहीतर मूत्राशयातून रक्त येतं. आपल्या मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, हे दुप्पट लक्षात ठेवायचं. हप्त्यानंतर दहा ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी मोजा, आणि या काळात ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

दुखणं थांबवणं हे वेगळं काम आहे, ते आजारावरच्या औषधाची वाट बघत ठेवायचं नाही. ब्रुफेन-डायक्लोफेनॅकने ही आग विझत नाही आणि मूत्रपिंडाला मार बसतो, या आजारात तर मूत्रपिंड आधीच जोखमीत असू शकतं. रात्री अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, किंवा ड्युलोक्सेटिन, किंवा गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन हळूहळू वाढवत. वडिलांना लघवीला जोर करावा लागत असेल तर अॅमिट्रिप्टिलिन आधी सांगून टाळा, लघवी तुंबते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रीगॅबालिनची मात्रा कमी करावी लागते, नाहीतर माणूस दिवसभर झोकांड्या खातो.

पाय परत येईल का? तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला इंचभर. गुडघ्यापासून पंजापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा, वर्ष लागेल, कधी दीड. आग आधी कमी होते, ताकद मागून येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी आणि पूर्ण जाईलच असं नाही. तोवर पंजा वर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी बुटात घालायची. सँडल मागून पट्टा असलेली. बधिर पायाने अनवाणी चालणं बंद, सिद्धेश्वराच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवरही नाही आणि वारीतही नाही. मागच्या आषाढीनंतर आलेल्या एका रुग्णाच्या तळव्याला रुपयाएवढा फोड होता, तो त्यांच्या नातवाने बघितला, त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. रोज रात्री तळवे आरशात बघायचे किंवा कुणाला तरी बघायला लावायचे. हातासाठी फिजिओथेरपिस्ट बोटांचे व्यायाम देतीलच. मी मागवाल्यांना सरळ सूत आणि जुना धोटा देतो आणि तुटलेला धागा गाठायला सांगतो, एका मिनिटात किती गाठी झाल्या ते वहीत लिहायचं. दर महिन्याचा तो आकडा मला एनसीव्हीपेक्षा जास्त सांगतो.

पैशांचं बोलायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वीच्या नावाने २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या रुग्णालयांना कागदपत्रांची सवय आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, दाखल झाल्यावर नव्हे. दाखल करून दिली जाणारी औषधं त्यात बसतात का हे तिथेच कळेल. सिव्हिलमध्येही स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड देता येतं. ही जुनी, स्वस्त औषधं आहेत आणि त्यांच्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. बायोप्सी वाचून घ्यायला नमुना गेला तरी पुरतं, माणूस जायला हवा असं नाही.

बायोप्सीची तारीख मिळेपर्यंत एक तपासणी मात्र उद्या सकाळीच करा, त्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही आणि ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते. लघवीची साधी तपासणी, रुटीन-मायक्रोस्कोपी. तिच्यात प्रथिनं किंवा लाल पेशी दिसल्या तर हा आजार मूत्रपिंडातही शिरला असण्याची शक्यता आहे. मग आठवडा नाही, त्याच दिवशी तो कागद घेऊन बायोप्सी सांगणाऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि नंबर लावून बसू नका, बाहेरच्या माणसाला कागद दाखवून आत पाठवायला सांगा.